एकास दहा

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास सकाळी उभं राहिलं की जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी दिसते. तीत फायली, सीटी स्कॅनचं पाकीट, पाण्याची बाटली, बिस्किटाचा पुडा, आणि तळाशी औषधाच्या रिकाम्या खोक्यात जपून ठेवलेला मेणाचा एक चौकोनी तुकडा. गावाकडच्या डॉक्टरांनी गालातून, जिभेवरून, स्तनातून काढलेल्या गाठीचा भाग त्या मेणात असतो. ‘ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या’ असं बजावलेलं असतं, म्हणून यवतमाळहून, लातूरहून, नंदुरबारहून तो रात्रीच्या गाडीनं येतो. आणणाऱ्याला त्यात नेमकं काय आहे हे माहीत असतंच असं नाही. हरवायचा नाही आणि उन्हात ठेवायचा नाही, एवढं माहीत असतं.

2024च्या ऑक्टोबरात व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी नोबेल जाहीर झालं आणि लगेच फोनवर निरोप फिरायला लागले की रक्ताच्या एका थेंबात आता सगळे कॅन्सर कळणार. असले निरोप मी वाचून सोडून देते. पण त्याच सुमारास ओळखीच्या एक पॅथॉलॉजिस्ट बोलता बोलता म्हणाल्या, “रक्ताचं राहू दे गं. तो मेणाचा ब्लॉक असतो ना, त्यातले मायक्रोआरएनए दहा-वीस वर्षांनीसुद्धा मोजता येतात. माणूस गेलेला असतो, ते असतात.” हे मात्र डोक्यातून जाईना. नवी मुंबईतल्या ज्या प्रयोगशाळेशी त्यांचं काम चालतं तिथे जायची परवानगी त्यांनीच मिळवून दिली. अट एकच होती, कुणाचं नाव छापायचं नाही.

लिफ्टचं दार उघडलं की आधी झायलीनचा वास येतो. गोडसर, पेट्रोलच्या जवळपासचा, घशाच्या मागे जाऊन बसणारा. मेण विरघळवायला झायलीन लागतं, त्यामुळे या कामातून त्याची सुटका नाही. वास कुठून येतोय ते शोधत गेलं की एका अरुंद खोलीत मायक्रोटोमसमोर काका बसलेले असतात. सगळे त्यांना काकाच म्हणतात, संचालकसुद्धा. वय साठीच्या पुढे. एका मोठ्या रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात नोकरीभर त्यांनी सेक्शन कापले, निवृत्त झाले, आणि आता इथे करारावर आहेत. उजवा हात चाकावर, डाव्या हातात बारीक ब्रश. चाक एकदा फिरलं की ब्लॉक पात्यावरून खाली येतो आणि मेणाचा एक पापुद्रा सुटतो, पाच मायक्रॉन जाडीचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका पापुद्र्याला दुसरा चिकटतो, त्याची पट्टी होते, काका ती ब्रशनं उचलून कोमट पाण्यावर सोडतात आणि सुरकुत्या गेल्या की काचेच्या स्लाइडवर घेतात.

हे स्लाइडसाठी. मायक्रोआरएनए काढायचे असले तर पापुद्रे दुप्पट जाड कापतात आणि ते पाण्याला न लावता गुंडाळीच्या गुंडाळी छोट्या ट्यूबमध्ये टाकतात. इथेच काकांची पंचाईत होते. ब्लॉक कोरडा असला, पापुद्रा फाटायला लागला, की जुने कारागीर काय करतात? तोंड जवळ नेऊन ब्लॉकवर ‘हा’ करून वाफ सोडतात. मेण जरा नरमावतं, पुढचा पापुद्रा सरळ निघतो. आयुष्यभर केलेली गोष्ट. पण लाळेत, घामात, कातडीवर, सगळीकडे आरएनए खाऊन टाकणारी एन्झाइम्स असतात. म्हणून मास्क, दोन-दोन हातमोजे, प्रत्येक रुग्णाच्या ब्लॉकला नवं पातं, मध्ये सगळं पुसून घेणं. मी पाहत होते तेव्हाही काकांची मान आपसूक पुढे झुकली आणि मागच्या टेबलावरून आवाज आला, “काका, तोंड!”

“मास्क आहे ना,” काका म्हणाले, पण मान मागे घेतली.

आवाज देणारी मुलगी नांदेडची. पीएचडीचं चौथं वर्ष. तिचा विषय आहे गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेतला कॅन्सर. तंबाखूची गोळी किंवा गुटखा जिथे धरून ठेवतात तीच जागा. भारतात तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला दीड लाखाच्या जवळपास नवे रुग्ण नोंदले जातात, आणि पुरुषांमध्ये हाच पहिल्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी 2012 सालापासून आहे. बंदी असलेली ती पुडी कुठे मिळते हे मला रिक्षावाल्यानं न विचारता सांगितलं होतं.

काकांनी पुढचा ब्लॉक उचलला, दिव्यासमोर धरला, नखानं कड चाचपली आणि बाजूला ठेवून दिला. “हा वाया.”

मला त्यात काही वेगळं दिसेना. त्यांनी भिंग दिलं. गाठीच्या तुकड्याची कड घट्ट होती, मध्यभाग मात्र भुसभुशीत, खरवडल्यासारखा. “आत फॉर्मालिन पोचलंच नाही. बाहेरून पक्कं झालं, आत कुजत राहिलं. फॉर्मालिन किती पाहिजे? गाठीच्या दहापट. एकास दहा. आणि हे लोक काय करतात? एवढी मोठी गाठ एवढ्याशा बरणीत कोंबतात. वरून फॉर्मालिन ओततात, तेही मावेल तेवढं. एकास एकसुद्धा होत नाही.”

एकास दहा हे त्यांनी त्या दिवशी इतक्या वेळा म्हटलं, की शेवटी मुलगी हसायला लागली. पण ते म्हणत राहिले. फॉर्मालिन मांसात शिरतं ते तासाला जेमतेम मिलिमीटरभर. तोवर आतल्या पेशी स्वतःच्याच एन्झाइम्सनी स्वतःला संपवत असतात. शस्त्रक्रिया किती वाजता झाली, गाठ बरणीत किती वाजता पडली, बरणी केवढी होती, गाठ आधी चिरून घेतली होती का, या नोंदी कागदावर बहुतेक नसतात. तालुक्याच्या रुग्णालयात संध्याकाळी सातला गाठ निघते, बरणीवर चिकटपट्टी लावून नातेवाइकाच्या हातात देतात, आणि तो सकाळच्या एसटीनं जिल्ह्याच्या लॅबला पोचवतो. दोष कुणाचा म्हणायचा? तिथल्या वॉर्डबॉयला कुणी एकास दहा सांगितलेलंच नसतं.

तरीही अशा ब्लॉकांतून काहीतरी हाती लागतं, आणि ते लागण्याचं कारण लांबीत आहे. पेशीतला कारभार आपण शाळेत शिकलो तो असा: डीएनएमधल्या जनुकाची नक्कल संदेशवाहक आरएनएवर उतरते आणि त्यावरून प्रथिन तयार होतं. हा संदेशवाहक आरएनए बहुधा हजारो अक्षरांचा असतो. फॉर्मालिनमध्ये, मेणात, वर्षानुवर्षं कपाटात पडून त्याचे तुकडे तुकडे होतात. मायक्रोआरएनए मुळातच 22 अक्षरांच्या आसपास. एवढ्याचे आणखी तुकडे होणं कठीण, शिवाय तो आर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या कुशीत असतो. म्हणून मोठे संपतात आणि हा उरतो.

उरलेला हा करत काय होता? संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडच्या भागात जुळणारी सहा-सात अक्षरं सापडली की तो तिथे चिकटतो. मग त्या संदेशावरून प्रथिन बनणं मंदावतं आणि संदेशही लवकर मोडीत निघतो. नळ पुरता बंद होत नाही, थोडा पिळला जातो. एक मायक्रोआरएनए असे शेकडो नळ पिळू शकतो आणि एकेका नळावर अनेकांचे हात असतात. माणसाच्या प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक या पकडीत असावीत असा अंदाज आहे. कॅन्सर म्हणजे पेशींची बेसुमार वाढ. तिला आवरणारे आणि तिला रेटणारे, दोन्ही बाजूंचे नळ यांच्या हातात आहेत, त्यामुळे यांचं प्रमाण बिघडलं की काय होईल हे वेगळं सांगायला नको.

शोध लागला तो मात्र किड्यात. मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी. त्यातलं लिन-4 नावाचं जनुक प्रथिन बनवतच नाही, 22 अक्षरांचा आरएनए बनवतं, हे 1993 साली अॅम्ब्रोस यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. तो आरएनए दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशावर चिकटतो हे रव्हकुन यांनी त्याच वेळी दाखवलं. किड्याचं काहीतरी निराळं असेल म्हणून पुढची सात वर्षं फारशी कुणी दखल घेतली नाही. 2000 साली रव्हकुन यांच्याकडे लेट-7 सापडला, आणि तो माणसातही जसाच्या तसा आहे असं दिसल्यावर धावाधाव झाली. 1993च्या अॅम्ब्रोस यांच्या त्या लेखावर पहिलं नाव रोझलिंड ली यांचं आहे. त्या अॅम्ब्रोस यांच्या पत्नी, प्रयोग हातानं करणाऱ्यांपैकी. नोबेलच्या यादीत त्या नाहीत. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते चाक फिरवत म्हणाले, “असंच असतं.”

कॅन्सरशी पहिली गाठ 2002 साली पडली. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात निम्म्याहून अधिक रुग्णांच्या 13व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात कॅन्सरला आवर घालणारं जनुक असणार, असं धरून लोक वर्षानुवर्षं तिथे खणत होते, आणि प्रथिन बनवणारा कुणी गुन्हेगार सापडत नव्हता. फिलाडेल्फियात जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटाला तिथे दोन मायक्रोआरएनए मिळाले, मिर-15 आणि मिर-16. पुढे 2005मध्ये कळलं की हे दोघं बीसीएल-2 नावाच्या प्रथिनाला दाबून ठेवतात. बीसीएल-2 पेशीला मरू देत नाही. आवर घालणारे गेले की बीसीएल-2 मोकाट, आणि मरायला हवी ती पेशी जगत राहते.

उलट बाजूचेही सापडले. मिर-21 बहुतेक सगळ्या गाठींत वाढलेला असतो. 2010 साली येल विद्यापीठातल्या गटानं असे उंदीर तयार केले, की ज्यांच्यात मिर-21 हवा तेव्हा वाढवता येईल, हवा तेव्हा बंद करता येईल. वाढवला तेव्हा उंदरांना लिम्फोमा झाला. बंद केल्यावर थोड्याच दिवसांत गाठी विरून गेल्या. हा प्रयोग वाचला की मनुष्यस्वभावाप्रमाणे आपण लगेच औषधाकडे धाव घेतो. त्याविषयी पुढे सांगते.

ट्यूबमधल्या गुंडाळ्यांचं पुढे होतं ते थोडक्यात असं: झायलीननं मेण काढायचं, अल्कोहोलनं झायलीन काढायचं, एन्झाइमनं प्रथिनं पचवायची, गरम करून फॉर्मालिनचे बंध सोडवायचे, मग छोट्या गाळणीतून आरएनए धुऊन घ्यायचा. हाती येतात काही मायक्रोलिटर, डोळ्यांना पाणीच. त्यावरून डीएनएची नक्कल बनवायची आणि ती पीसीआर यंत्रात दुप्पट-दुप्पट करत न्यायची, 40 फेऱ्या. ज्या फेरीत चमक ठरावीक रेषेच्या वर जाते तो आकडा लिहून घ्यायचा. माल मुळात जास्त असेल तर आकडा लहान, कमी असेल तर मोठा.

संध्याकाळी साडेसहाला यंत्राचं काम संपलं. पडद्यावर रंगीत रेषा एकामागून एक वर चढलेल्या. मुलीनं एकाच रुग्णाचे दोन नमुने दाखवले. मिर-375, गाठीपासून दूरच्या चांगल्या भागात 27व्या फेरीला दिसला, गाठीत 32व्या. पाच फेऱ्यांचा फरक, म्हणजे दोनाचा पाचवा घात, बत्तीस पट कमी. तोंडाच्या आणि घशाच्या गाठींत मिर-375 घटतो हे जगभरच्या प्रयोगशाळांना दिसलेलं आहे. मिर-21 आणि मिर-31 वाढतात, तेही. तिच्याकडे तसंच येत होतं. ती खूश होती, मीही.

“पण बत्तीस पट कशाच्या तुलनेत, ते विचारा,” तीच म्हणाली.

दोन ट्यूबमध्ये माल समसमान पडला होता हे कशावरून? त्यासाठी प्रत्येक नमुन्यात आणखी एक असा आरएनए मोजतात, की जो सगळीकडे सारखाच असतो असं मानलं जातं, आणि त्याच्या हिशेबात बाकीचे बसवतात. बरेच जण यू-6 नावाचा वापरतात. तो मायक्रोआरएनए नाही, लांबीला चारपाच पट मोठा, आणि जुन्या मेणात तो मिर-21च्या चालीनं मोडेलच असं नाही. माप धरायची फूटपट्टीच आखडत असेल तर कापड लांब भरणार. मुलीनं दोन निराळे संदर्भ घेऊन तेच आकडे पुन्हा मांडून दाखवले. मिर-375 दोन्हींत पडलेलाच राहिला. मिर-31ची वाढ एका हिशेबात ठसठशीत होती, दुसऱ्यात जेमतेम. लेखात कुठला हिशेब छापायचा हे माणसानं ठरवायचं असतं. दर आठवड्याला अमुक मायक्रोआरएनए तमुक कॅन्सरचा सूचक असल्याचे लेख निघतात, त्यांतल्या किती जणांनी दोन्ही हिशेब मांडून पाहिले असतील? मला फार विश्वास वाटत नाही.

रक्ताचं तर त्याहून अवघड. 2008 साली अमेरिकेतल्या सिअॅटलच्या गटानं दाखवलं की प्रोस्टेटच्या कर्करोगात मिर-141 रक्ताच्या सीरममध्ये मोजता येतो, आणि मायक्रोआरएनए सीरममध्ये टिकून राहतात. तेव्हापासून रक्ताच्या थेंबाची स्वप्नं सुरू झाली. पण लाल पेशींमध्ये मिर-451 आणि मिर-16 खच्चून भरलेले असतात. सुई बारीक असली, दंडाला पट्टा जास्त वेळ आवळला, ट्यूब हिसकली, थंडीत नीट ठेवली नाही, की थोड्या लाल पेशी फुटतात आणि त्यांचा सगळा माल सीरममध्ये उतरतो. नंतर तपासून पाहिलं तेव्हा गाठींचे सूचक म्हणून जाहीर झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मायक्रोआरएनए रक्तपेशींतच भरपूर असतात असं निघालं. म्हणजे आजारी माणसाचं रक्त घाईत घेतलं आणि निरोगी स्वयंसेवकाचं निवांत, एवढ्यानंही ‘कॅन्सरची खूण’ सापडू शकते. मुलीनं फ्रिजमधून ट्यूबांचा स्टँड काढला. बहुतेक सीरम फिकट पिवळं. तीन ट्यूबांना गुलाबी झाक. त्या तिनं उचलल्या, वहीत नंबर लिहिले आणि पिवळ्या पिशवीत टाकल्या. कुठल्या तरी तीन माणसांनी हात पुढे करून दिलेलं रक्त.

एका जागी मात्र रक्ताची चाचणी खरोखर बसते, हे सांगायला हवं, नाहीतर माझा सूर एकतर्फी होईल. अंडकोषाच्या जर्म सेल कर्करोगात मिर-371 रक्तात दिसतो, आणि जर्मनीतल्या गटानं शेकडो रुग्णांवर 2019मध्ये जे मोजलं त्यात त्यानं सुमारे 90 टक्के गाठी पकडल्या. आधीपासून वापरात असलेल्या प्रथिनांच्या चाचण्यांहून हे सरस आहे. तो बसतो कारण हा मायक्रोआरएनए गर्भावस्थेतल्या पेशींचा आहे. मोठ्या माणसाच्या इतर पेशी तो जवळजवळ बनवत नाहीत, लाल पेशी फुटल्या तरी त्यातून तो सांडत नाही. बाकीच्यांचं तसं नाही. मिर-21 सर्दीतही वाढला तर मला नवल वाटणार नाही.

आता औषध. लेट-7 आणि मिर-34 हे आवर घालणाऱ्यांपैकी. गाठीत ते कमी पडतात, तर बाहेरून भरून द्यावेत, असा सरळ विचार. टेक्सासमधल्या एका कंपनीनं मिर-34ची नक्कल चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून 2013मध्ये रुग्णांना द्यायला सुरुवात केली. असं पहिल्यांदाच होत होतं. एकूण 85 रुग्णांना ते दिलं गेलं. तिघांच्या गाठी ठळकपणे आकसल्या. प्रतिकारशक्ती बेफाम होऊन चौघांचा जीव गेला. 2016च्या सप्टेंबरात चाचणी थांबवली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत व्हेनेटोक्लॅक्स नावाच्या गोळीला मान्यता मिळाली होती, त्याच ल्युकेमियासाठी, आणि ती दाबते तेच बीसीएल-2 प्रथिन, ज्याला मिर-15 आणि मिर-16 दाबून ठेवायचे. शेकडो नळांवर हात असलेल्याला पेशीत सोडण्यापेक्षा एकच नळ नेमका पिळणारी गोळी कामाला आली. मिर-34वाले अजून नवनव्या रूपांत प्रयत्न करताहेत आणि करावेत. पण ‘नैसर्गिक रेणू आहे, अपाय कसला होणार’ असं या विषयावरच्या व्याख्यानात ऐकलं की मला ते चौघं आठवतात.

मी पुन्हा गेले ते खरं तर काकांमुळे. पडद्यावरच्या रेषा दुसऱ्या वेळीही तशाच दिसणार होत्या. काकांच्या हातात मात्र दर वेळी निराळा ब्लॉक असायचा आणि प्रत्येकाबद्दल त्यांचं काहीतरी मत असायचं. हा चांगल्या लॅबचा, कड बघा. हा घाईत केलेला, मेणात बुडबुडा आहे. हा उन्हात ठेवला होता कुणीतरी. एकास दहा, एकास दहा.

या वेळी मुलगी वैतागलेली होती. एका रुग्णाची गाठ काही केल्या गाठीसारखी वागेना. मिर-375 पडलेला नाही, मिर-21 वाढलेला नाही. सगळे आकडे शेजारच्या चांगल्या भागासारखे. नमुन्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिनं पुन्हा आरएनए काढला होता, पुन्हा तेच. तिच्या गाईडचं म्हणणं पडलं, हा रुग्ण अपवाद, असतात असे जैविक फरक, टीप लिहून टाक.

काका उठले. त्यांनी तो ब्लॉक मागवला, बर्फावर ठेवला, नवं पातं चढवलं आणि पाच मायक्रॉनचा एकच पापुद्रा काढला. रंगवून, झाकून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला अर्धा-पाऊण तास गेला. आधी स्वतः पाहिलं. मग मुलीला बोलावलं, मग मला. निळ्या-गुलाबी रंगात मला स्नायूंचे पट्टे दिसले, मधे चरबीची पांढरी भोकं, एका कोपऱ्यात गडद निळ्या ठिपक्यांची गर्दी.

“ते लिम्फोसाइट,” मुलगी हळूच म्हणाली. “गाठ कुठंय?”

“गाठ संपली,” काका म्हणाले.

ब्लॉक चार वर्षांपूर्वीचा. गाठ दाखवणारी, पॅथॉलॉजिस्टनं पेननं गोल केलेली स्लाइड निदानाच्या वेळची. मधल्या काळात निरनिराळ्या तपासण्यांसाठी त्यातून कितीतरी पापुद्रे गेले असणार. गाठ ब्लॉकच्या वरच्या थरांत होती, ती कापून संपली. ट्यूबमध्ये गेला तो तिच्याखालचा स्नायू. आकडे चोख होते, त्या स्नायूचे होते.

असं मोठ्या प्रमाणावरही झालेलं आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मिर-143 आणि मिर-145 कमी होतात, म्हणजे ते कॅन्सरला आवर घालतात, असं दहाएक वर्षं लेखांमागून लेखांत छापलं गेलं. 2014 साली जोशुआ मेंडेल यांच्या गटानं उंदरांत दाखवलं की आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी, ज्यांचा कॅन्सर होतो त्या, हे दोन मायक्रोआरएनए जवळजवळ बनवतच नाहीत. ते असतात भोवतालच्या स्नायू आणि आधारपेशींत. गाठीत अस्तराच्या पेशी जास्त, स्नायू कमी, म्हणून वाटून घेतलेल्या लगद्यात आकडा पडायचा. वाटण्याआधी आत काय आहे ते कुणी पाहिलं असतं तर एवढा कागद लागला नसता. आकड्यांच्या मागे धावणाऱ्या या शास्त्रात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारा माणूस मला म्हणूनच जास्त भरवशाचा वाटतो. पगार मात्र त्याचा सगळ्यात कमी.

“मी सुरुवातीलाच म्हटलं होतं,” काका स्टुलावर बसत म्हणाले. “ट्यूबसाठी कापायच्या आधी एक सेक्शन घ्यायचा, कापून झाल्यावर एक घ्यायचा. दोन्हींत गाठ दिसली तरच ट्यूब पुढे पाठवायची. सर म्हणाले, एवढा वेळ कुठाय.”

मुलीनं वही उघडली. झालेल्या नमुन्यांची यादी लांब होती. प्रत्येकापुढे तिनं पेन्सिलनं एक रिकामा चौकोन काढायला सुरुवात केली.

“सगळे परत बघायचे, काका?”

“बघायचेच. माझा करार मार्चपर्यंत आहे. ब्लेडची दोन पाकिटं मागवून ठेव, आणि मागच्या वेळची ती स्वस्तातली आणू नकोस. मेण फाडतात.”